जानीबाईच्या नवसाची कोंबडी

१९ जानेवारी १९७९

कोंबडी परवापासून नीट खात नाही. सकाळी नागली टाकली. एक दाणा उचलला आणि परत खाली टाकला. अंग फुगवून भिंतीला लागून बसते. हाकललं तर दोन पावलं चालते, परत तिथंच. तुरा फिका पडलाय.

माझी असती तर एवढा जीव खालीवर झाला नसता. जानीबाईची आहे. पेठकडची बाई, मजुरांच्या टोळीबरोबर आलेली. आमच्या मागच्या मोकळ्या जागेत उतरले होते, आपल्या नळाचं पाणी नेत होते. संक्रांतीच्या आधी त्यांना निफाडकडे द्राक्षाच्या मळ्यावर न्यायला ट्रक आला. मुकादम म्हणाला, कोंबडंबिंबडं चालणार नाही, मळेवाला ओरडतो. तेव्हा तिने ती माझ्या हातात दिली. "आजा, शिमग्याला घरी जान तवा नेन. कापू नको हां. देवाची हाय."

तिचा नातू तापात हातचा चालला होता. तेव्हा ती गावदेवाला नवस बोलली. पोर उठलं. आता शिमग्याला ही कोंबडी द्यायची.

मी हो म्हणून बसलो. कोणी काही हातात दिलं की नाही म्हणता येत नाही, जन्मभर हेच.

२१ जानेवारी

शेजारच्या सखूबाई कुंपणावरून बघून गेल्या. म्हणाल्या, "भाऊ, आजारीबिजारी काही नाही. खुडूक झालीय. अंड्यावर बसायचं वेड लागलंय तिला. असल्या कोंबड्या खात नाहीत, फुगून बसतात. थंड पाण्यात बुचकळा आणि टांगतं डालं करून त्यात ठेवा, बूड थंड पडलं की उतरतं."

ऐकून बरं वाटलं. रोग नाही, वेड आहे. वेडाला उपाय असतो.

बादलीत बुचकळली. ओरडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. ओली झाल्यावर कळलं केवढीशी आहे. सगळी पिसंच होती. मूठभर सुद्धा नाही.

२२ जानेवारी

फरक नाही. सखूबाई म्हणाल्या, मग नाकात पीस घाला. त्यांच्या माहेरी असंच करतात. तिचंच एक पीस उपटायचं, त्याची दांडी एका नाकपुडीतून घालून दुसरीतून काढायची. सारखं टोचत राहतं, तिचं मन दुसरीकडे लागतं, खुडूकपण जातं.

मी कोंबड्या पाळलेला माणूस नाही. मनमाडला पॉइंटमन होतो, सांधे बदलले, कंदील दाखवले. घरात कोंबड्या होत्या त्या माझ्या बायकोच्या होत्या. ती होती तोवर मी त्यांना नुसतं खाल्लं.

घातलं पीस. सखूबाईंनी धरली, मी घातलं. दांडी थोडी आडवी गेली. रक्त आलं. थोडंच आलं.

सूनबाई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "बाबा, बुगडी राहिली की घालायची." मग हसली नाही, आत गेली.

२४ जानेवारी

वाईट. फार वाईट. डोळे मिटून बसली आहे. शिंकते. कोंबडी शिंकते हे मला माहीत नव्हतं, लहान मूल शिंकावं तसा आवाज. नागलीला तोंड लावत नाही. रात्री थंडी पडते आहे. मी तिला पाण्यात बुचकळलं, या थंडीत. कोणत्या डोक्याने बुचकळली?

सूनबाईने, शोभाने, न विचारता रॉकेलच्या खोक्यात पोतं घातलं आणि स्वयंपाकघरात मोरीपाशी ठेवलं. म्हणाली, "घाण केली तर तुम्ही काढायची."

काढीन.

२५ जानेवारी

वि. बरोबर भांडण. विलास ऑफिसातून आला, खोक्यात वाकून बघितलं, म्हणाला, "बाबा, ही काही राहत नाही. जीव आहे तोवर कापा. मेल्यावर टाकूनच द्यावी लागेल."

मी म्हटलं, देवाची आहे.

"कुठल्या देवाची? आपल्याला कुठला देव?"

बौद्ध धर्माची दीक्षा घेतली त्या साली देव्हाऱ्यातले देवांचे टाक मीच फडक्यात बांधून इथल्या गंगेत, गोदावरीत सोडले. बायको रडली होती, मी रडलो नव्हतो. नवस, अंगारे, कोंबडं-बकरं, सगळं त्या दिवसापासून बंद. पोरांना तसंच वाढवलं. आता पोरगा तेच मला सांगतो.

एवढंच म्हणालो, "देव तिचा आहे. शब्द माझा आहे."

वि. म्हणाला, "आणि कापून तरी काय मिळणार म्हणा. शोभा, हिचा रस्सा केला तर पाण्याला कोंबडीची नुसती आठवण येईल."

शोभा हसली. मला पण हसू आलं. मग वाईट वाटलं हसल्याचं.

२६ जानेवारी

आज सगळं बंद. शाळेत झेंडा, पोरांचं गाणं इथपर्यंत ऐकू येत होतं. गुरांच्या दवाखान्याला कुलूप. मी तरी डालं घेऊन जाऊन आलो. वाटेत एकाने विचारलं, केवढ्याला देता?

अंगठ्याने चोचीच्या कडेला पाणी लावलं तर गिळलं. मोजकं गिळलं. तेवढ्यावर आजचा दिवस.

२७ जानेवारी

दवाखाना. म्हशी, एक घोडा, शेळ्या, आणि मी. लोक डाल्यात वाकून बघत आणि परत माझ्याकडे बघत. डॉक्टर तरुण आहे. म्हणाला, "आजोबा, एक कोंबडी? एका कोंबडीसाठी कोणी येत नाही हो. लोक शंभर मेल्या की येतात."

पण हात लावला. खुडूक समजून पाण्यात बुचकळल्याचं मी सांगितलं. छातीवर बोट फिरवलं. मला म्हणाला, तुम्ही फिरवा. मधलं हाड सुरीच्या धारेसारखं वर आलं आहे, दोन्ही बाजूला मांस म्हणून नाही. "ही खुडूक नव्हती. जंत झालेत. कधीपासून उपाशी आहे कोण जाणे. वरून तुम्ही सर्दी दिलीत."

मग पीस दिसलं.

"हे काय केलंत?"

सांगितलं. त्याने चिमट्याने पीस काढलं. तिने मान ताठ केली, चोच उघडली आणि आवाज आलाच नाही.

जंताचं औषध पाण्यातून, आणि सर्दीची पूड कण्यांत कालवून. मी विचारलं, वाचेल? म्हणाला, हातात खाईल तर बघू.

येताना वाटेत बसलो. डाल्यावर हात ठेवून बसलो. लोकांना वाटलं असेल, म्हातारा दमला.

२८ जानेवारी

हातात खात नाही.

२९ जानेवारी

भरवायला शिकलो. मांडीवर घ्यायची, पंख धोतरात गुंडाळायचे. डाव्या हाताने डोकं मागून धरायचं, अंगठा आणि बोट चोचीच्या दोन कोपऱ्यांना, हळू दाबलं की चोच उघडते. उजव्या हाताने कालवलेली गोळी मागे, जिभेच्या मागे. पुढे ठेवली तर झटकून टाकते. मग गळ्यावरून बोट खाली. गोळी खाली जाताना बोटाला कळते.

सकाळी तीन गोळ्या उलटून बाहेर आल्या, एक आत गेली. दुपारी सगळ्या आत.

मूल भरवलं नाही मी कधी. विलासला कधी भरवलं नाही. ड्यूटी होती.

१ फेब्रुवारी

जंत पडले. शोभाला दाखवले तर ती तोंडाला पदर लावून पळाली. मला मात्र सोनं सापडल्यासारखं.

तरी अंग गार लागतं. पायाला तर बर्फ. मी खोक्याबाहेर, ती खोक्यात, दोघांचीही शेकोटी एकच, शोभाचा स्टोव्ह.

३ फेब्रुवारी

शोभाने अंडं उकडून, कुस्करून दिलं. मी म्हटलं, कोंबडीला अंडं? हे कसं?

"तिला कुठं कळतंय कुणाचं आहे. अंगात भर येते. मला बाळंतपणात आईनं हेच दिलं होतं."

खाल्लं. आणि स्वतःहून खाल्लं! ताटलीवर टक्‌ टक्‌ आवाज आला. शोभा आणि मी दोघं मोरीपाशी उकिडवे बसून ऐकत होतो. वि. म्हणाला, "घरात दोन माणसांना वेड लागलंय. आता तुमच्या दोघांच्या नाकात पीस घालतो."

७ फेब्रुवारी

परत खालावली. काल खाल्लेलं सगळं पातळ हिरवं. डोळ्याखाली सूज, पीस घातलं होतं त्याच बाजूला. चोचीतून श्वास घेते, घर्र घर्र.

जेवण जात नाही. शोभा म्हणते, "हिच्यापेक्षा तुम्हीच वाळलात. डॉक्टरला म्हणावं, दोघांचं एकदम वजन करा."

मला भीती कशाची आहे ते नीट लिहून बघतो. कोंबडी मेली तर जानीबाई काय म्हणेल ही आहेच. पण ती बाई काही बोलणार नाही. डोंगरातली माणसं बोलत नाहीत. खाली बघतील आणि जातील. तेच बघवणार नाही.

आणि दुसरं, आता ती मांडीवर घेतली की डोकं आपसूक माझ्या कोपराच्या वाकणात घालते. हे मला नको होतं. परक्याची ठेव. हे नको होतं.

९ फेब्रुवारी

डॉक्टरकडे पुन्हा. सूज दाबून पू काढला. "म्हातारी चिवट आहे," म्हणाला. मी विचारलं, म्हातारी कोण? "कोंबडी हो, आजोबा."

१४ फेब्रुवारी

घर्र घर्र गेली. उन्हात गेली आपल्या पायाने. दोनदा माती उकरली, मग दमली, बसली. पण उकरली.

जानीबाईने दिलेली नागली संपली. तांदळाच्या कण्या खाते, नाराजीने. छातीचं हाड अजून तसंच.

१६ फेब्रुवारी

जानीबाईला सांगायला हवं. मागाहून समजण्यापेक्षा. काल दिवसभर हाच विचार. वि. म्हणतो, कशाला? मेली नाही ना? मग झालं.

जातो.

२० फेब्रुवारी

निफाडच्या पुढे, यष्टीतून उतरून पायी. तीन मळे चुकलो. चौथ्यावर भेटली. मांडवाखाली बायका घडातले खराब मणी कात्रीने काढत होत्या. मला बघून तिची कात्री थांबली.

"आजा! मेली का?"

"नाही, नाही. आजारी होती. आता बरी आहे. बारीक झाली आहे."

हसली. सगळ्या बायका हसल्या. "डोंगरची हाय ती, बारीकच ऱ्हाते. तू याच्यासाठी आला? इतक्या लांब? पाणी पी." नातू तिथंच होता, मांडवाच्या खांबाला लोंबकळत. तिने त्याला ओढून माझ्यापुढे उभा केला. "पाहा, हा. याचं डोळं पांढरं झालं होतं." पोराचं पोट चांगलं गोल आहे. मला जीभ दाखवून पळाला.

पीस घातल्याचं सांगणार होतो. त्याच्या आत तीच म्हणाली, "बारीक असू दे. देव मांस मोजत नाय. फक्त अधू नको. डोळा, पाय, चोच, समदं पायजे जसं बोलताना होतं तसं. मोडकं दिलं तं देव म्हणल, मी तुला पोर मोडकं दिलं का?"

मी पाणी प्यायलो. मग अजून एकदा मागून प्यायलो.

सांगितलं नाही.

२१ फेब्रुवारी

उजेडात नीट पाहिलं. डावी नाकपुडी फाटून चोचीच्या कडेपर्यंत चीर गेली आहे. बरी झाली, पण जुळली नाही. सूज उतरल्यावर जास्तच दिसते. आंधळ्याला सुद्धा बोटाने कळेल.

जगवली, आणि आता ती ज्यासाठी जगवली त्याच्या कामाची नाही. आणि ते माझ्याच हाताने.

खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा. कापणार नाहीत तिला. झाला नाही.

२५ फेब्रुवारी

सखूबाईंना बोलून दाखवलं. त्यांना पण लागलं, पीस त्यांनीच सांगितलं होतं. मग म्हणाल्या, "भाऊ, बुधवारच्या बाजारात तांबड्या कोंबड्या ढिगाने येतात. हिच्यासारखी बघून आणा. डोंगरातल्या बाईला काय कळणार? हिच्यापेक्षा जाडच मिळेल, खूश होईल बिचारी. आणि ही राहील तुम्हाला."

शेवटचं वाक्य डोक्यातून जात नाही.

२८ फेब्रुवारी

बाजारात गेलो. गंगेच्या काठाला ओळीने बसतात कोंबड्यावाले. एक तशीच सापडली. तोच तांबडा रंग, मानेवर तशीच काळी झाक, पाय पिवळे. हातात घेतली. जड, गरम, जोरात लाथा मारणारी. नाक धड.

कोंबडीवाला म्हणाला, "घ्या बाबा, हिला बघून दुसरीकडे बघू नका."

मी तिला धरून उभा राहिलो. मला वाटलं, ज्या देवाला मी स्वतः पाण्यात सोडलं, त्याला फसवायला मला भीती का वाटावी? भीती वाटतच नव्हती. देवाची नव्हती. पण ती बाई घरी जाईल, या भलत्याच कोंबडीला पिंजर-कुंकू लावील, हात जोडील आणि मनातून मोकळी होईल. मोकळं झाल्याचं खोटं तिच्या पदरात मी बांधायचं. आणि मला ते रोज माहीत असणार.

खाली ठेवली. कोंबडीवाला बोलायचं ते बोलला.

घरी आलो तर आपली दारात. माझी चाहूल लागली की पळत येते आता. मी तिच्यावर खेकसलो. काही कारण नव्हतं.

४ मार्च

चांगली खाते. छातीला बोट लावलं, हाडाच्या दोन्ही बाजूला थोडं मऊ लागतं. तुरा लाल. आता जितकी बरी होते तितका मला घाम फुटतो.

वि. आज शांतपणे बोलला. "बाबा, त्या बाईला सांगा ना, हे सगळं खोटं असतं म्हणून. आपण सोडलं तेव्हा आपलं काय वाईट झालं? उलट मी शिकलो."

बरोबर आहे त्याचं. पण आम्ही सोडलं तेव्हा अख्खी वस्ती एकदम सोडत होती. हजार माणसं बाजूला उभी होती. ती एकटी आहे, आणि तिचं पोर एकच.

८ मार्च

मुकादमाचा माणूस सांगून गेला, टोळी रविवारी परत जाणार, ट्रक इथं थांबेल.

शोभा म्हणाली, "मी सांगू का तिला? बाईमाणसाचं बाईमाणूस ऐकतं." नको म्हटलं.

१० मार्च

काही सुचत नाही. अंगण दोनदा झाडलं. कोंबडी मागे मागे. शोभाला वाटलं मला ताप आहे, हात लावून बघितला.

११ मार्च

आले. ट्रक रस्त्यातच उभा केला. बाया, पोरं, गाठोडी, भांडी. जानीबाईने वरूनच हाक मारली, "ए आजा! हाय का जित्ती?"

ठरवलं होतं, आधी तेच. ती अंगणात आली तशी कोंबडी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "जानीबाई, आधी हिचं नाक बघ."

ती खाली बसली. तोंड उन्हाकडे फिरवलं. अंगठा फिरवला.

"पीस घातलं?"

"हो. मी घातलं."

"खुडूक होती?"

"नव्हती. मला वाटलं होती."

रागावली नाही. वर ट्रककडे बघितलं. पोर फाळक्यावर बसून द्राक्षं खात होतं, एक तोंडात, एक खाली दुसऱ्या पोराच्या डोक्यावर. ती त्याच्याकडे किती तरी वेळ बघत राहिली.

"पोर तं बरं झालं," म्हणाली. "देवानं त्याचं काम केलं. माझंच ऱ्हायलं."

शोभाने चहा आणला. तिने न राहवून विचारलंच, "आजी, दुसरी दिली तर नाही चालणार? आम्ही आणून देतो."

"दुसरी कशी देऊ, बाई? हिला हातात धरून बोलले होते."

मी म्हटलं, "चूक माझी आहे. तुझ्या देवाला सांग, नाशिकच्या म्हाताऱ्याने केलं. जे करायचं ते मला कर म्हणावं." माझ्या तोंडून हे गेलं. वि. दारात उभा होता. त्याने ऐकलं आणि आत गेला.

जानीबाई हसली, थोडीशी. "तुझं नाव देवाला कुठं ठाव हाय, आजा?"

मग म्हणाली, गावात भगताला विचारीन. तो देवाला विचारतो. देव हो बोलला तर अशीच देन. नाय बोलला तर. एवढंच म्हणाली.

ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. मी तिला औषधाची पुडी दिली, उरलेली. सांगितलं, परत शिंकायला लागली तर कण्यांत कालवून. खात नसेल तर भरवायचं. मांडीवर घेऊन दाखवलं. कोंबडीने आपसूक डोकं माझ्या कोपरात घातलं. जानीबाई बघत होती. मला लाज वाटली.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मधे एकदा थांबवून विचारलं, "डोकं डाव्या हातानं का उजव्या?"

"डाव्या."

पदरात गुंडाळली आणि चढली. फाळका लावला. कोंबडी नुसती मान बाहेर काढून बघत होती, सगळीकडे, माझ्याचकडे असं नाही.

संध्याकाळ झाली. शोभाने खोकं धुऊन उन्हात ठेवलं होतं, ते आत घेऊ का म्हणून विचारते आहे. मी अजून सांगितलं नाही.

भगत हो म्हणाला तर शिमग्याला ती जाणार. नाही म्हणाला तर राहील, पण मग ती बाई वर्षभर रात्री उठून त्या पोराच्या कपाळाला हात लावून बघत बसेल, आणि पोर साधं शिंकलं तरी तिला माझं पीस आठवेल. भगताने काय म्हणावं असं मला वाटतं, तेच लिहायला बसलो होतो.

पोर बरं राहो. हे पहिलं. आणि कोंबडी...